ऑनलाइन मागवलेले पिओनीचे कंद आणि बिया : विदर्भात घ्यावे का? माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचे पैसे तरी वाचतील. पिओनी म्हणजे ते मोठं, भरगच्च पाकळ्यांचं फूल, त्याच्या बियांचं जे पाकीट ऑनलाइन मिळते ते घेऊच नका. कंदांचं तसं नाही, कंद खरे निघू शकतात, आमच्याकडे तीन आले त्यातला एक खरा होता. पण खरा असला तरी आपल्या भागात, म्हणजे वर्धा, अमरावती, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर, अकोला सगळीकडेच, त्याला फूल धरत नाही आणि त्यात तुमच्या हाताचा, खताचा, पाण्याचा काही दोष नसतो, झाडच थंड मुलखाचं आहे. एवढं पुरत असेल तर ठीक, बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण मला या फुलाबद्दल मनापासून लिहायचं आहे आणि त्याच्या जागी आपल्याकडे काय लावायचं तेही सांगायचं आहे.

ऑर्डर माझ्या पुतणीची. आम्ही आर्वी तालुक्यात राहतो, घरी संत्र्याचा बगीचा आणि पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि घरामागच्या सांदवाडीत माझी फुलझाडं. पोरीने मोबाईलवर कोरियन सिरियल पाहून पाहून ते गुलाबी फूल मनात धरलं आणि एक दिवस पार्सलच घेऊन आली, काकू तुमच्या हाताले लय येते तुम्हीच लावून द्या म्हणे. पार्सलमध्ये एक बियांचं पाकीट आणि तीन कंद. विकणाऱ्याचं नाव मी इथं टाकत नाही, कारण असला माल विकणारे एक नाही खूप आहेत, फोटोसुद्धा सगळ्यांचे तेच असतात.

मी खरी पिओनी पाहिलेली आहे, हेही सांगते. भाचा फौजेत आहे, त्याची पोस्टिंग श्रीनगरकडे होती तेव्हा मे महिन्यात आम्ही गेलो होतो, इकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक तापणारे दिवस, लागायचा होता आणि तिकडे सकाळी शाल लागत होती. जिथं उतरलो त्या घरच्या अंगणात दोन झुडपं होती, कमरेपर्यंत उंच, गर्द हिरवी कातरलेली पानं आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एक कळी. कळी घट्ट, गोल, कंच्यासारखी, तिच्यावर चिकट गोड रस आणि त्या रसावर मुंग्या. पाहुणे म्हणून मी झटकायला गेले तर घरची बाई म्हणाली राहू द्या, त्या काही करत नाहीत. मला नंतर कळलं की लोक समजतात मुंग्यांशिवाय ही कळी उघडत नाही, पण तसं काही नाही, मुंग्या फक्त रस खायला येतात, कळी आपली आपण उघडते. उघडलेलं फूल दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नव्हतं. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, बाहेरच्या मोठ्या आणि आतल्या बारीक दुमडलेल्या, वास गुलाबाच्या जवळचा पण हलका. रात्री पाऊस झाला तर सकाळी फुलं पाण्याच्या वजनाने जमिनीला टेकलेली, म्हणून त्या बाईने झुडपाभोवती तारेचं कडं लावलं होतं. झाडं तिच्या सासूच्या हातची होती. एकदा जागा मानवली तर पिओनी पन्नास वर्षं आणि त्याच्याही पुढे त्याच जागी फुलत राहते, फक्त तिला उपटून इकडून तिकडे हलवायचं नाही.

आता बियांच्या पाकिटाचं. पाकिटावर निळी, काळी, सप्तरंगी अशी फुलं छापलेली आणि खाली लिहिलेलं ४५ दिवसांत फूल. यातली एकेक गोष्ट चूक आहे. पिओनीत पांढरा, गुलाबी, लाल, कोरल, पिवळा, जांभळट असे रंग असतात, पण निळा रंग नसतोच, जिथं निळी पिओनी दिसेल तिथं फोटो रंगवलेला आहे असं समजा. बी पाहूनच मला शंका आली. पिओनीचं बी चांगलं मोठं असते, जवळपास वाटाण्याएवढं, काळं आणि चकचकीत, आणि पाकिटात होतं बारीक तपकिरी. आणि समजा बी खरं असतं तरी ते ४५ दिवसांत काही करत नाही, त्याला आधी उबदार माती लागते तेव्हा खाली मूळ सुटते, मग मोठी थंडी लागते तेव्हा कुठं वर कोंब येतो, म्हणजे उगवायलाच वर्ष दोन वर्षं आणि पहिलं फूल दिसायला आणखी तीन चार वर्षं. तरी पोरीच्या समाधानासाठी मी एका ट्रेमध्ये पेरलं. हप्त्याभरात भराभर उगवलं, पोरगी खुश, मी काही बोलले नाही. पुढे त्याला चार पाकळ्यांची पिवळी फुलं आली तेव्हा माझी जाऊ आली आणि पाहून म्हणे, "माय वं, हे तं मोहरी होय!" मोहरीच होती. पोरीचा चेहरा पाहवत नव्हता, म्हणून मी म्हणते की हे पाकीट विकणाऱ्यांना कोणीतरी विचारलं पाहिजे, दीडशे दोनशे रुपये जातात म्हणून लोक सोडून देतात आणि त्यांचं फावते.

कंदांची गोष्ट वेगळी, इथं जरा सावकाश सांगते कारण कंद ओळखता आला तर अर्धी फसवणूक टळते. तिन्ही कंद झिप लॉकच्या पिशवीत, ओलसर कोकोपीटमध्ये. पहिल्यावर लेबल होतं सारा बर्नहार्ट, हे पिओनीच्या एका गुलाबी जातीचं नाव. जाड तपकिरी मुळ्या, बोटापेक्षा जाड, वरच्या बाजूला एका गाठीला जोडलेल्या आणि त्या गाठीवर तीन गुलाबी लालसर डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतात ते, टोकदार, हाताला टणक. मुळी दाबून पाहिली तर कडक, कापलेल्या बाजूने पांढरी. हा खरा पिओनीचा कंद. चांगल्या नर्सऱ्यांमध्ये तीन ते पाच डोळ्यांचा कंद विकायची पद्धत आहे, त्यामुळे हा तीन डोळ्यांचा म्हणजे नियमात बसणारा. दुसऱ्यावर लेबल लाल फुलाचं, कार्ल रोझनफील्ड, आणि आत काय तर मुळीचा एक तुटका तुकडा, डोळा नाही, गाठ नाही, एका टोकाला पांढरी बुरशी. डोळा नसलेली मुळी लावून काही उपयोग नसतो, ती मातीत पडून सडते, आणि तसंच झालं. तिसऱ्यावर लिहिलेलं ब्लू पिओनी. पिशवी उघडल्याबरोबर मी ओळखलं की हा डेलियाचा कंद, रताळ्यासारखे लांबट कंद आणि वर बारीक मान, डेलिया मी कितीतरी वर्षं लावते. तोही लावला, त्याला जानेवारी संपता संपता जांभळी फुलं आली, छान आली, पण पैसे मात्र पिओनीचे घेतलेले.

खऱ्या कंदाची मी मनापासून काळजी घेतली. आपली काळी माती नुसती वापरली असती तर कुंडीत दगड झाला असता, म्हणून मुरूम, जाड रेती, जुनं शेणखत आणि थोडी काळी माती असं मिसळून मोठी कुंडी भरली, खाली विटांचे तुकडे टाकले. पिओनी लावताना एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, डोळे मातीखाली फार खोल जाऊ द्यायचे नाहीत, थंड भागात दोन इंचांपर्यंत चालते आणि उबदार भागात एकच इंच, त्याच्यापेक्षा खोल गेलं की झाड पानं देते पण फूल देत नाही. मी इंचभर ठेवले. थंडी पडल्यावर कोंब निघाले. लालचुटूक, गुळगुळीत, मातीतून सरळ वर आलेले, आणि मग त्याच लाल काडीला तांबूस पानं दुमडलेली, रोज थोडी उघडायची, उघडता उघडता हिरवी व्हायची. खरंच सुंदर, फूल नसतानाही सुंदर. पोरगी रोज सकाळी दात घासता घासता कुंडीपाशी उभी. फूटभर झालं आणि तिथं थांबलं, कळी नाही. होळी झाली आणि पानांच्या कडा करपायला लागल्या, ग्रीन नेटखाली ठेवलं, सकाळ संध्याकाळ पाणी, कूलरच्या खिडकीजवळ सावलीत सरकवलं, तरी एप्रिलमध्ये सगळं खाली बसलं. मृगाच्या पहिल्या पाण्यानंतर कुंडी रिकामी केली तर मुळ्या काळ्या, मऊ, वास येणाऱ्या.

कारण काय ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी सांगितलं की खास गरम हवामानाची पिओनी आली आहे, तर तुम्हाला प्रश्न विचारता येईल. या झाडाला हिवाळ्यात झोप लागते आणि ती झोप पूर्ण व्हायला साधारण ५०० ते १००० तास थंडी पाहिजे, थंडी म्हणजे ४ अंशांच्या आसपास किंवा त्याच्या खाली. आपल्याकडे डिसेंबर जानेवारीत रात्री १०, १२ अंश, एखाद्या लाटेत ६, ७ पर्यंत उतरते, शेकोट्या पेटतात, आपल्याला वाटते लय थंडी, पण दुपारी परत २८. झाडाच्या हिशेबात ती थंडी जमाच होत नाही. आमच्या कंदाला कोंब आले ते बहुतेक विकणाऱ्याने आधी कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवल्यामुळे आले असावेत. आणि नंतर आपला मे महिना, ४५ च्या वर पारा, कुंडीची माती हाताला चटका देते, तिथं ती मुळी शिजते. त्यातून वाचलीच तर पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबते, आणि पिओनीच्या मुळीला उभं पाणी सहन होत नाही.

व्हिडिओमध्ये सांगतात की कुंडीवर बर्फाचे तुकडे ठेवा. काही होत नाही त्याने, दुपारपर्यंत पाणी होऊन जाते आणि थंडी पाहिजे सलग कित्येक आठवडे. कोणी म्हणते कंद फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजची थंडी खरी असते, त्याने एखाद वेळी कळी येऊही शकते, पण त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी ठेवली तर पिकणाऱ्या फळांचा जो वायू निघतो त्याने कळीचं नुकसान होते, आणि आपल्या घरात फळं नसलेला फ्रिज कुठं. आणि एवढं करून पुढचा उन्हाळा आहेच. दरवर्षी नवीन कंद घ्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि एका फुलाची वाट पाहायची, याला मी बागकाम म्हणत नाही.

मला कितीतरी जणींनी विचारलं की चिखलदऱ्याला येईल का, तिथं तर थंड असते. मला नाही वाटत. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे आणि तिथं कॉफी येते. कॉफीला कडाक्याची थंडी, हिमकडाका चालत नाही. जिथं कॉफी वर्षानुवर्षं आरामात जगते तिथला हिवाळा पिओनीला पुरत नाही, दोघींचा स्वभाव उलटा आहे.

आता प्रकारांबद्दल, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या गावागावांतली पोरं आता हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये नोकरीला आहेत, कोणाची लेक कॅनडा अमेरिकेत आहे, त्यांच्या अंगणात हे फूल खुशाल येऊ शकते. पिओनीचे बागेसाठी तीन मोठे प्रकार. पहिला साधा झुडपाचा, तो हिवाळ्यात वरून पूर्ण वाळून जातो, काड्या कापून टाकायच्या आणि वसंतात परत जमिनीतून कोंब येतात, उंची दोन तीन फूट. दुकानात जास्तीत जास्त हाच मिळतो. दुसरा झाडासारखा, ज्याच्या काड्या लाकडी असतात आणि हिवाळ्यात वाळत नाहीत फक्त पानं गळतात, चार पाच फूट होतो, हळूहळू वाढतो. चीनमध्ये याला फार मान, तिकडे लुओयांग शहर याच फुलासाठी ओळखलं जाते आणि एप्रिलमध्ये तिथं मोठा उत्सव भरतो. याचे कंद घेताना हे लक्षात ठेवा की तो बहुतेक साध्या पिओनीच्या मुळीवर कलम केलेला असतो, त्यामुळे लावताना कलमाचा जोड चांगला खोल, चार ते सहा इंच मातीखाली घालतात, म्हणजे पहिल्या प्रकाराच्या बरोबर उलट.

तिसरा प्रकार इतोह. हा मला सगळ्यात आवडतो, त्याच्या गोष्टीमुळेही. जपानमध्ये तोइची इतोह नावाचा माणूस, तो वर सांगितलेल्या दोन प्रकारांचा संकर करायच्या मागे लागला होता, लोक म्हणायचे होत नाही. १९४८ मध्ये त्याने काकोदेन नावाच्या पांढऱ्या झुडपी पिओनीवर ॲलिस हार्डिंग या पिवळ्या झाडी पिओनीचा पराग घातला आणि बी धरलं, रोपंही झाली. पण पिओनीला फूल यायला वर्षं लागतात, आणि १९५६ मध्ये तो वारला, फूल पाहायचं राहूनच गेलं. पुढे अमेरिकेतल्या लुई स्मिरनाव यांनी ती रोपं घेतली आणि १९७४ मध्ये त्यातल्या चार जातींची नोंद झाली. एका माणसाने जे लावलं ते दुसऱ्याने फुलवलं. संत्र्याची कलमं लावणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इतोहमध्ये झुडपासारखं खाली वाळणं आहे आणि फुलं मात्र झाडी पिओनीसारखी, काड्या मजबूत त्यामुळे फुलं पावसात लोळत नाहीत. यातली बार्टझेला नावाची पिवळी जात सगळ्यात नावाजलेली, रॉजर अँडरसन यांनी १९८६ मध्ये नोंदवलेली, लिंबासारखा हलका वास. महाग असते, पण जिला कॅनडात अंगण आहे तिने एकच झाड घ्यायचं तर हेच घ्यावं असं माझं मत.

झुडपी प्रकारातल्या नावांपैकी आमच्या पार्सलमधली सारा बर्नहार्ट ही फ्रान्समधल्या लेमवान यांनी तयार केलेली, १९०६ ची, एका प्रसिद्ध नटीच्या नावावरून. मोठं भरगच्च गुलाबी फूल, बुकेमध्ये जे दिसते ते बरेचदा हेच. फेस्टिव्हा मॅक्सिमा १८५१ ची, पांढरी, मधे कुठं कुठं कुंकवाचा थेंब पडल्यासारखे लाल ठिपके, लवकर फुलते म्हणून जिथं उन्हाळा लवकर तापतो अशा जागी लोक हीच सुचवतात, पण त्या उबदार जागासुद्धा आपल्यापेक्षा कितीतरी थंड, त्या शब्दाला भुलू नका. बोल ऑफ ब्युटी वेगळीच दिसते, बाहेर गुलाबी पाकळ्यांची वाटी आणि आत पिवळसर पांढऱ्या बारीक पाकळ्यांचा गुच्छ. कोरल चार्म १९६४ ची, उघडते तेव्हा गडद कोरल आणि दिवस जातात तसा रंग उतरत उतरत मलईसारखी होते, एकाच झुडपावर तीन चार छटा एकदम. नवीन लावणाऱ्याने वाटीसारखी, एकेरी किंवा कमी पाकळ्यांची जात घ्यावी असं मला वाटते, फूल हलकं असते, काडी वाकत नाही, पावसात सडतही नाही.

आणि आपल्या देशाची स्वतःची पिओनी आहे हे कितीजणांना माहीत आहे? हिमालयातली, पियोनिया इमोडी, काश्मीरपासून हिमाचल, उत्तराखंडपर्यंत डोंगराळ जंगलात येते, पांढरी एकेरी फुलं आणि मधे पिवळे पुंकेसर. तिकडे तिच्या मुळ्या औषधात वापरतात, कोवळ्या पानांची भाजीही करतात. डोंगरात फिरायला गेलात तर पाहा, फोटो काढा, उपटून आणू नका, इथं जगणार नाहीच आणि तिथली कमी होईल.

अजून एक, लेक परदेशात आहे म्हणून बॅगमध्ये कंद टाकून आणायला सांगू नका. बाहेरच्या देशातून झाड, कंद, बी आणायला परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागते, २००३ चा केंद्र सरकारचा आदेश आहे. आपला संत्र्याचा, कपाशीचा भाग आहे, नवीन रोग कीड एखाद्या कंदाबरोबर आली तर कोणाला झेपणार.

मग आपण काय लावायचं? मला तसंच मोठं, गुलाबी, भरगच्च फूल पाहिजे असेल तर माझं पहिलं उत्तर कमळ. टबमधलं कमळ, हजार पाकळ्यांचं म्हणतात ते. पिओनीला जे नको ते सगळं याला पाहिजे, कडक ऊन, गरम पाणी आणि आपली काळी चिकण माती, मुरूम नाही कोकोपीट नाही, शेतातली माती तशीच. दीड दोन फूट रुंद गोल टब घ्यायचा, खाली भोक नसलेला, गोलच घ्या कारण कमळाचा कंद मातीत सरकत सरकत वाढतो आणि चौकोनी टबच्या कोपऱ्यात त्याचं टोक अडकते. अर्धा फूट माती, फेब्रुवारी मार्चमध्ये कंद आडवा ठेवायचा, टोक वर, त्या टोकाला धक्का लागू द्यायचा नाही कारण तेच मोडलं तर कंद गेला. वर आधी दोन चार इंच पाणी, पानं वर आली की वाढवत न्यायचं. डास होऊ नये म्हणून दोन चार गप्पी मासे सोडा. आम्ही पुतणीसाठी तालुक्याच्या नर्सरीतून कंद आणला, नवतप्यात सगळी बाग मान टाकून होती तेव्हा त्या टबमध्ये कळी वर आली. सकाळी उघडते, दुपारून मिटते, परत दुसऱ्या दिवशी उघडते, तीन चार दिवस चालते. पोरीने तेच फूल स्टेटसला ठेवलं आणि तिच्या मैत्रिणी विचारतात पिओनी आली का.

दुसरं, सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी गडद होणारी जास्वंदाच्या जातीची दुहेरी झुडपं मिळतात, सहा आठ फूट होतात, पावसाळ्यात फांदी खोचली की लागते, दसरा दिवाळीच्या आसपास फुलते. लांबून पाहिलं तर अगदी पिओनी. फक्त एक काळजी, पऱ्हाटी, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, पिठ्या ढेकूण तिघींवर येतो, म्हणून हे झुडूप कपाशीच्या बांधावर लावू नका, अंगणातच ठेवा आणि कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर दिसला की लगेच शेंडा खुडून टाका. डेलिया तर आहेच, सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये लावला की हिवाळाभर, आणि गुलखैरा म्हणजे हॉलीहॉक, त्याची दुहेरी जात बियाण्यावर येते, दिवाळीच्या आधी पेरा म्हणजे होळीपर्यंत माणसाएवढी काडी फुलांनी भरते. खर्च काहीच नाही. ज्यांना लग्नात खरी पिओनीच हवी आहे त्यांनी कापलेली फुलं मोठ्या शहरातल्या फुलवाल्याकडून मागवावी, बाहेरून येतात, मे महिन्यात मिळतात, महाग असतात. घेताना कळी बोटाने हलकी दाबून पाहायची, दगडासारखी कडक असेल तर ती उघडतच नाही आणि पूर्ण उमललेली घेतली तर हळदीपर्यंतच पाकळ्या गळतात, जराशी मऊ लागणारी कळी घ्यायची.

विकणाऱ्याच्या सर्व्हिसबद्दल. पॅकिंग चांगलं होतं, पार्सल आमच्या गावात वेळेवर आलं, हे खरं ते खरं. पण तक्रार केली तर कस्टमर केअरवाली बाई एकच वाक्य, जिवंत रोपाला रिटर्न नाही मॅडम. मी म्हटलं बाई रोप मेलं म्हणून नाही बोलत, तुम्ही डेलिया पाठवला आणि मोहरी पाठवली त्याचं बोला. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पुतणीने काढून ठेवला होता, कंदांचे जवळून फोटो होते, ते पाठवले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करतो असं लिहिलं, तेव्हा बियांचे आणि दोन कंदांचे पैसे परत आले. खऱ्या कंदाचे मी मागितले नाहीत, तो खरा होता. त्यामुळे माझे मार्क असे, बियांचं पाकीट शून्य, कंद पाचपैकी दोन, तेही फक्त त्या एका कंदासाठी आणि पॅकिंगसाठी. ज्यांचं कोणी थंड भागात राहते त्यांनी अशा ठिकाणाहून न घेता तिकडच्याच स्थानिक नर्सरीतून सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये तीन डोळ्यांचा कंद हातात घेऊन, दाबून पाहून घ्यावा. आणि इथल्यांनी कमळाचा कंद संक्रांतीनंतर लगेच आपल्या नर्सरीवाल्याला सांगून ठेवा, मार्च उलटला की चांगले कंद संपतात आणि उरलेले मोडक्या टोकाचे गळ्यात मारतात.